खाकी तंबू आणि धानोऱ्यापलीकडचं हिरवं धान

एकट्याने मोटारसायकलवर भटकायचं तर तंबू कोणता घ्यावा, हा प्रश्न या ब्लॉगवर सगळ्यात जास्त विचारला जातो. वजन किती, पाऊस किती सोसतो, एकट्याला लावता येतो का, हे सगळं तुम्ही दुकानात विचाराच. मी मात्र आधी रंगाचं सांगतो. नारिंगी घ्या, पिवळा घ्या, लांबून बघणाऱ्याला हसू येईल असा भडक घ्या. जंगलात मिसळून जाणारा रंग का नको, असं वाचक उलट विचारतात. त्याचं उत्तर ऐंशीच्या दशकातल्या एका प्रवासात आहे. लिहिणं हा माझा धंदा, पण तो प्रवास मी आजवर लिहिला नव्हता.

तेव्हा मी चंद्रपुरात एका दैनिकाचा वार्ताहर होतो. गडचिरोली जिल्हा वेगळा होऊन फार दिवस झाले नव्हते. दिवाळीची पुरवणी हातावेगळी झाली आणि संपादकांनी आठवडाभराची रजा दिली. घुग्घुसच्या खाणीत फिटर असलेल्या आतेभावाकडून मी त्याच वर्षी त्याची जुनी राजदूत घेतली होती. पाळ्या करून करून त्या गाडीच्या सांध्यासांध्यात कोळशाची पूड बसलेली. एअर फिल्टर झटकला की अंगणात काळं वर्तुळ उठायचं. पण गाडी दणकट होती. धानोऱ्याच्या पुढे जंगलात दोन-तीन मुक्काम करायचे, मग खाली अहेरीला उतरून आठवडी बाजार बघायचा आणि परत यायचं, असा बेत ठरला.

तंबूसाठी माझ्यासमोर तीन वाटा होत्या. पहिली ताडपत्रीची. ती दोरीवर टाकली की आडोसा होतो, वजन कमी आणि फाटली तर हळहळ नाही. दुसरी, पुण्याच्या एका मित्राची. गिर्यारोहणाच्या नादात त्याच्याकडे नायलॉनचा नारिंगी तंबू आला होता, दुमडला की उशीएवढा व्हायचा. तो फुकट द्यायला तयार होता. "सर्कसचा वाटतो," असं म्हणून मी तो नाकारला. तिसरी वाट जटपुरा गेटजवळच्या जुन्या सामानाच्या दुकानात सापडली. सरकारी लिलावातून आलेला खाकी कॅनव्हासचा तंबू. दोन खांब, लोखंडी खुंट्या, जाड सुती तणावे, आणि एका बाजूला काळ्या शाईने छापलेले ठोकळेबाज आकडे व अक्षरं. कोणत्या खात्याचा ते दुकानदाराला सांगता आलं नाही.

"सरकारी माल आहे भाऊ," तो म्हणाला. "तुमच्या नातवालेही पुरन."

वजन गाडीला न झेपणारं होतं, हे मला तिथेच कळलं. कॅनव्हास दवाने भिजला की आणखी जड होतो, आणि आतून बोट लागलं तर नेमकं तिथूनच पाणी झिरपतं. मागच्या कॅरियरवर एवढं ओझं बांधलं की पुढचं चाक हलकं पडून हँडल थरथरतं. हे सगळं कळूनही मी तो घेतला, कारण मला ते आकडे आवडले होते. तो तंबू लावून बसलेला माणूस कोणीतरी असतो, असं मला वाटलं.

घरी आणून अंगणात उलगडला तेव्हा बाबा बाजेवर बसले होते. खाणीतून निवृत्त होऊन त्यांना थोडेच दिवस झाले होते. त्यांनी उठून दोन बोटांत कॅनव्हास चिमटला.

"सरकारी आहे?"

"होता. आता माझा आहे."

"तुह्या आज्यानं अशाच तंबूले लाकडं वाह्यली. मीबी वाह्यली. साहेब दौऱ्यावर आला का लाकडं अन् घोड्याचा चारा आमच्याकडं. पानी नाई. पानी आमच्या हातचं चालत नव्हतं."

हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. छप्पन साली आमच्या घराने धम्म स्वीकारला, त्या दिवसापासून गावकीची सगळी कामं आजोबांनी सोडली. कोणी कितीही धमकावलं तरी परत हात लावला नाही. घरात ती गोष्ट अभिमानाने सांगितली जायची.

"मग आता नातू त्यात झोपेल," मी म्हणालो. "झाली की नाही फिटंफाट?"

बाबा हसले नाहीत. "घरात नको ठेवू," एवढंच म्हणाले आणि पुन्हा बाजेवर बसले.

निघालो तेव्हा नोव्हेंबर होता, सकाळची थंडी बोटांना बोचत होती. मूलला पहिला थांबा, गरम भजी आणि कपाच्या बशीत ओतलेला चहा. तिथून सावली गावापर्यंत रस्ता डांबरी होता, पण कडा तुटलेल्या. समोरून बांबूचा ट्रक आला की मोटारसायकलवाल्याने मुकाट्याने मातीत उतरायचं, हा तिथला नियम. दोन्ही बाजूंना धान कापणीला आलेलं. हलकं धान कापून खळ्यावर गेलेलं आणि सखल बांध्यांतलं भारी धान अजून उभं. आमच्याकडे धानाच्या चौकोनाला बांधी म्हणतात. वैनगंगा ओलांडली, गडचिरोलीत एका खानावळीत भात-वरण आणि मिरचीचा ठेचा पोटभर खाल्ला, पेट्रोलची टाकी काठोकाठ भरून घेतली. त्या काळी पुढे पेट्रोल मिळेल याचा भरवसा नसायचा.

धानोऱ्याच्या अलीकडे जंगलाचा नाका लागला. आडवा बांबू टाकलेला. चौकीतून नाकेदार बाहेर आला, त्याची नजर माझ्यावरून मागच्या तंबूवर आणि तंबूवरच्या आकड्यांवर गेली. पायात चपला सरकवत त्याने चक्क सलाम ठोकला आणि बांबू उचलला.

"नाव लिहायचंय ना?" मी विचारलं.

"राहू द्या ना साहेब, तुमचं काय लिहाचं. कोन्या बाजूनं येऊन राह्यले?"

"चंद्रपूर."

ते खोटं नव्हतं. पण मी साहेब नाही, हेही मी सांगितलं नाही. पुढचे बरेच मैल मी त्या सलामाच्या हवेत गाडी चालवली. हँडल थरथरतंय याचंही काही वाटलं नाही.

मुक्कामाची जागा फार सुंदर होती, हे आजही कबूल करतो. मुख्य रस्ता सोडून बैलगाडीच्या वाटेने आत गेलं की एक नाला होता, पांढऱ्या वाळूतून घोटाभर पाणी वाहत होतं. काठावर मोठं मोहाचं झाड. पलीकडे सागाच्या कडेला चार-पाच बांध्यांचं धान, त्यामागे जंगल. गाव अलीकडच्या बाजूला, झाडीआड, धूर दिसेल एवढ्या अंतरावर. मी गावात गेलो नाही. सरळ मोहाखाली गाडी लावली, दगडाने खुंट्या ठोकल्या, तणावे ओढले. आकडे गावाच्या बाजूला आले. तो योगायोग होता, पण तंबू उभा राहिल्यावर मी मागे सरून बघितलं आणि दिसतोय छान असं वाटून तसाच ठेवला.

थोड्या वेळाने दोन माणसं वाटेवर येऊन उकिडवी बसली. मी हात केला. त्यांनीही केला आणि उठून गेली. मग एक बाई डोक्यावर लाकडांची मोळी घेऊन आली. पन्नाशीची, सडसडीत, कपाळावर गोंदण.

"इथी टाकू का?"

"अहो बाई, कशाला त्रास घेतला?"

"जळतन लागन ना," ती म्हणाली. मोळी टाकली, पदराने मान पुसली आणि गेली. तिचं नाव रैजीबाई, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

तिच्यामागून पाण्याचा गुंड, म्हणजे पितळी घागर, आली, तांदूळ आले, आणि शेवटी गावचे पाटील आले, म्हातारे, अंगावर बंडी आणि हातात पाय बांधलेली कोंबडी. मी पैसे काढले तर त्यांनी हात जोडले. कोंबडी त्यांनीच करून दिली, चुलीसाठी तीन दगडही लावून दिले.

"किती दिवस मुक्काम?" पाटलांनी विचारलं.

"बघू. मन रमलं तर तीन-चार दिवस."

"अन् तिकडं?" त्यांनी नाल्यापलीकडच्या बांध्यांकडे मान केली. "तिकडं पाहाल?"

"पाहणार तर. फोटोही काढायचेत."

पाटलांनी बांध्यांकडे पुन्हा एकदा बघितलं. मग "बरं" म्हणून उठले. मी कोंबडीचा रस्सा भातावर घेऊन मोहाखाली बसलो आणि मनात लेखाचं पहिलं वाक्यसुद्धा जुळवलं. आदिवासींच्या आतिथ्याबद्दल होतं ते. परतल्यावर छापायला देऊ असं ठरवून झोपलो. झोप उत्तम लागली.

सकाळी कॅनव्हास दवाने चिंब झाला होता. बाहेर आलो तर पलीकडच्या बांध्यांत गाव लोटलेलं. बाया, माणसं, सगळे वाकून विळे चालवत होते. कोवळं ऊन, धुकं, वाकलेल्या पाठी. मी कॅमेरा घेऊन नाला ओलांडला आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभा राहून फोटो काढायला लागलो. कोणी वर बघेना. मी समोर गेलो की माणसं तोंड फिरवत होती. लाजतात, असं मला वाटलं. कापणीला गप्पा असतात, एखादी तरी थट्टा असते. इथे फक्त विळ्यांचा आवाज होता, तेही माझ्या लक्षात आलं. कापून पडलेल्या धानाच्या कडपा हिरव्या दिसत होत्या, तेसुद्धा लक्षात आलं. धानाची एखादी वेगळी जात असेल, अशी मी माझी समजूत घातली.

पाटील बांधीतून बाहेर आले. पायांना चिखल. पुन्हा हात जोडले.

"साहेब, धान तेवढं नेऊ द्या. जमीन मंग तुमची."

"कोणाची जमीन?"

"जंगलाची म्हना. पन पेरलं तं तिनं आहे." त्यांनी रैजीबाईकडे बोट केलं. ती एकटी पाठ न वळवता कापत होती. "बिना मालकाची बाई आहे. सारं गाव लागलं म्हनून दुपारलोक होईन. तुमी तेवढं थांबा."

मला कळायला तरीही वेळ लागला. मग पाटलांनीच सांगितलं. तीन सालांमागे असाच खाकी तंबू याच मोहाखाली पडला होता. साहेब दोन दिवस राहिले, मोजणी झाली, आणि गावाच्या दुसऱ्या अंगाच्या बांध्या पिकासकट जंगलखात्याने घेतल्या. गावाने तेव्हा वाट बघितली होती. या खेपेला बघायची नाही, असं काल संध्याकाळी कोंबडी देऊन परतल्यावर त्यांनी ठरवलं होतं.

मी खाली वाकून एक लोंबी उचलली. दाणा नखाने दाबला तर दूध आलं. धान अजून पिकायचं होतं.

"थांबवा," मी म्हणालो. "मी साहेब नाही. पेपरात लिहितो."

पाटलांनी ऐकून घेतलं. बांधीत विळे चालूच होते.

मी खिशातून वार्ताहराचं ओळखपत्र काढलं. त्यावर माझा फोटो होता आणि त्यावर गोल शिक्का. पाटलांनी ते हातात धरून शिक्क्यावरून अंगठा फिरवला. "शिक्का तं आहे," ते म्हणाले आणि अदबीने परत दिलं. मी म्हणालो, तंबू लिलावातला आहे, विकत घेतलाय. एक माणूस म्हणाला, "साहेबाचा तंबू कोन विकते जी?" मी म्हणालो, आत्ता काढतो, आत्ता जातो. त्यावर दुसरा म्हणाला, "गेले का मानसं घेऊन येतीन." माझ्या प्रत्येक वाक्याबरोबर विळे जास्तच जोरात चालत होते. मी बोलत होतो तेवढ्यात आणखी एक ओळ आडवी झाली.

तेव्हा रैजीबाईने पाठ सरळ केली. माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं.

"साहेब नाई," ती म्हणाली, "तं मंग माहं कोंबडं काऊन खाल्लं?"

कोंबडी तिच्या घरातून आली होती, हे मला तेव्हा कळलं. एक बाई फिसकन हसली. मग दुसरी. मग सगळी बांधी हसली, पाटीलसुद्धा. मला वाटतं, त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. दिलं म्हणून खाल्लं, हे तोंडातून निघेना.

आणि मग मी ते सांगितलं. दुसरं काही उरलं नव्हतं म्हणून सांगितलं. "बाई, माझा आजा अशाच तंबूला लाकडं वाहत होता. माझा बापही."

हसणं थांबलं.

"कोन गाव?" पाटलांनी विचारलं.

मी मूलकडचं आमचं जुनं गाव सांगितलं. त्यांनी आणखी एक-दोन प्रश्न विचारले, गावाच्या कोणत्या अंगाला घर, आजोबांचं नाव काय. मी सांगत गेलो. कोणत्याही साहेबाने असलं नाव, असलं घर आपणहून सांगितलं नसतं. पाटलांनी मागे वळून गोंडीत काहीतरी म्हटलं. विळे एकेक करून थांबले. निम्म्याहून जास्त धान अजून उभं होतं.

रैजीबाई धुऱ्यावर आली. हातातली हिरवी मूठभर कडप तिने माझ्यासमोर खाली ठेवली.

"मंग तुले तं माहीत होतं," ती म्हणाली.

एवढंच. काल मी 'तुम्ही' होतो, साहेब होतो. आज 'तू' झालो, आणि तो 'तू' मला मिळालाच पाहिजे होता. पण त्या वाक्याचं काय करायचं, हे मला आजवर समजलेलं नाही. गावातल्या बाकी सगळ्यांना मी अजाण शहरी माणूस म्हणून चाललो असतो. तिने ती सवलत दिली नाही, आणि ती माझी नव्हतीच.

तंबू मी लगेच उतरवला. ओला असल्यामुळे नीट घडी बसेना. चुलीपाशी निम्मी मोळी उरली होती. ती परत नेऊन द्यावी म्हणून दोरीने बांधली आणि खांद्यावर घेतली. वाटेत दोनदा सुटली. रैजीबाईच्या अंगणात पोचलो तेव्हा हातात काही, खाली काही.

"राहू दे," ती म्हणाली. "आज्यानं शिकोलं नाई वाट्टे."

"आज्याने ते काम सोडलं होतं."

"मंग बरं केलं त्यानं."

कॅनव्हास खळ्यावर अंथरायला हवा का, असं मी विचारलं. खरं तर मला तो हातावेगळा करायचा होता. तिने मान हलवली. "त्याचे आकडे पाहून कोनी म्हनन, चोरला. तूच ने." कापलेल्या धानाचं काय, हे विचारायची हिंमत मला झाली नाही. तिनेच सांगितलं, बैलांना चारा होईल. उरलेलं पिकलं तर होळीपर्यंत पुरेल. पूर्ण पिकलं असतं तर कुठवर पुरलं असतं, ते तिने सांगितलं नाही.

ती रात्र मी पाटलांच्या छपरीत काढली. जेवायला भात आणि अंबाडीची भाजी होती, आणि कोंबडीवरून थट्टा. झोपण्याआधी पाटील म्हणाले, "पुढल्या खेपेस पैले गावात ये. मंग कुठीबी लाव तंबू." माझ्याकडे तुम्हाला देण्यासारखा एकच सल्ला असेल तर तो हाच आहे, आणि तो माझा नाही. खुंटी ठोकण्याआधी गावात जायचं, कोण आहोत ते सांगायचं, कुठे झोपू ते विचारायचं. बहुतेक वेळा तंबूची गरजच उरत नाही. पुढे त्या रस्त्यांवर वेगळ्या कारणांसाठी खाकी तंबू पडत गेले. तेव्हा पाटलांचं ते वाक्य मला अनेकदा आठवलं.

अहेरी त्या खेपेला राहिली. सकाळी निघालो, नाक्यावर गाडी थांबवली आणि त्या नाकेदाराला आग्रहाने नाव लिहायला लावलं. तो बुचकळ्यात पडला. "काही चुकलं काय साहेब?" विचारत राहिला. मी साहेब नाही, असं त्याला तीनदा सांगितलं. निघताना त्याने तरीही सलाम केला. मूलला भजी घेतली नाहीत, सरळ घर गाठलं. कॅमेऱ्यातला रोल पुढे कित्येक वर्षं कपाटात पडून होता. धुवायला दिला नाही. लेखही दिला नाही. संपादकांना सांगितलं, गाडी बिघडली होती.

पुण्याच्या मित्राचा नारिंगी तंबू मी पुढच्याच महिन्यात मागवून घेतला. त्याच गावात तो घेऊन गेलो, आधी पाटलांकडे. पोरं त्याला पपई म्हणत होती. रैजीबाईने बाहेरून एकदा फेरी मारली आणि म्हणाली, "हा बरा. याले कोनी कोंबडं देनार नाई." उभं राहिलेलं तिचं धान पिकून घरात आलं होतं. ते बघून मला बरं वाटेल अशी माझी कल्पना होती. टोपल्यांच्या पलीकडे गोठ्यापाशी हिरवट चाऱ्याची गंजी होती. मी तिथेच बघत राहिलो.

पण त्या पहिल्या खेपेला घरी पोचलो ती संध्याकाळ मी विसरू शकत नाही. बाबा अंगणातच होते. लवकर कसा आलास, असं त्यांनी विचारलं नाही. गाडीवरून ओला तंबू उतरवायला हात लावला.

"सैपाक केलास कुठी?"

"तिथेच. चुलीवर."

"लाकडं कोनं आनली?"

मी गाठ सोडत राहिलो. ती आधीच सुटलेली होती.

"एका बाईने," मी म्हणालो.

"तिले पानी विचारलंस?"

मोळी टाकून पदराने मान पुसणारी रैजीबाई मला दिसली. त्या वेळी माझ्या बाजूला भरलेली पाण्याची बाटली होती. मी गाडी आत घेईपर्यंत बाबांनी एकट्याने तो जड कॅनव्हास उचलून दोरीवर वाळत टाकला. आकड्यांची बाजू त्यांनी आत, भिंतीकडे केली होती.